डाव्या हाताची गाठ

मुकुंदवाडीच्या बाजारात लीलाबाई मासे विकते. वय चोपन्न, बांधा किरकोळ, आवाज हळू. ती डावखुरी आहे. नवं गिऱ्हाईक तिचा सुरा डाव्या हातात चालताना बघून आधी जरा बिचकतं. बाई बोट कापून घेते की काय, असं त्याला वाटतं. मग रोहूचे खवले दोन्ही अंगांनी सरसर उतरतात, कल्ले एका ओढीत बाहेर येतात, तुकडे एकसारखे पडतात, आणि ते गिऱ्हाईक पुढच्या रविवारी दुसरीकडं जात नाही.

बाजारात तिच्याबद्दल एवढंच माहीत होतं की ती पाचोडकडच्या बोरखेडीची, नवरा तलावात बुडून गेला, आणि मेघा नावाची मुलगी आहे, ती खासगी दवाखान्यात नर्स आहे. यापलीकडं कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

बोरखेडीचा तलाव तसा मोठा. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की बुडालेल्या बाभळींची खोडं उघडी पडतात. गावात पन्नासेक घरं भोयांची, सगळी त्या पाण्यावर जगणारी. लीलाबाईचा नवरा बन्सी थर्माकोलचा तराफा घेऊन जाळी टाकायचा, ती काठावर बसून फाटलेली जाळी विणायची. डाव्या हातानं विणत असल्यामुळं तिची गाठ उलटी बसायची. सगळ्यांच्या गाठी एका दिशेला, तिच्या दुसऱ्या. बन्सी म्हणायचा, आपलं जाळं चोरीला गेलं तर पोलिसात जायचं काम नाही, गाठी बघितल्या की झालं.

पूर्वी जाळी जाड सुताची असत, महाग असत, आणि माणसं ती जिवापाड जपत. पुढं बाजारात तंगूस आला. केसासारखा बारीक नायलॉनचा धागा, पाण्यात दिसत नाही, स्वस्त मिळतो, आणि कुजत नाही. जाळं बाभळीला अडकलं, फाटलं, वाहून गेलं, तर माणसं हळहळायची आणि पाचोडच्या बाजारातून नवं आणायची. जुनं तळाशी राहायचं. तिथं ते मासे धरतच राहायचं. ते मासे मरायचे, त्यांना खायला आलेले दुसरे अडकायचे. वरून काही दिसायचं नाही. एका पावसाळ्यात रातोरात पाणी चढलं आणि सात-आठ जणांची जाळी गेली. त्यात बन्सीचंही एक होतं. दोन दिवस शोधलं, मग सोडून दिलं.

त्यानंतर दोन वर्षांनी, नवरात्राच्या आधी, बन्सी सकाळी जाळं ओढायला गेला तेव्हा लीलाबाई काठावर बर्फाचं खोकं घेऊन बसली होती. जाळं बुडालेल्या बाभळीत अडकलं. त्यानं बुडी मारली, वर आला, खाली आणखी कसलंतरी जाळं आहे असं ओरडून सांगितलं, कमरेचा चाकू काढला आणि पुन्हा खाली गेला. तो वर आला नाही. दुपारी माणसांनी त्याला बाहेर काढलं तेव्हा दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत तंगूस गुंडाळलेला होता. बन्सीचा चुलत भाऊ कारभारी यानं तो कापून काढला. त्या चोळामोळ्याचं काय करायचं, असं कुणीतरी विचारलं. लीलाबाईनं त्याच्याकडं एकदाच पाहिलं आणि पाण्यात टाकून द्या म्हणाली. कुणीतरी टाकून दिलं.

मेघा तेव्हा बारावीला होती. बारावं-तेराव्याचे दिवस झाल्यावर लीलाबाईनं तराफा आणि जाळी कारभारीकडं ठेवली, मुलीला घेतलं आणि शहर गाठलं. मुकुंदवाडीत एक खोली घेतली. पाण्यातून मासे काढायचं काम सुटलं, पण मासे सुटले नाहीत. पहाटे येणाऱ्या गाडीतून माल घ्यायचा आणि दिवसभर विकायचा. मेघा नर्सिंग शिकली, कामाला लागली. नऊ वर्षांत लीलाबाई बोरखेडीला दोनदा गेली, दोन्ही वेळा मयतीला, आणि दोन्ही वेळा तलावाकडं न बघता परत आली.

शिवराज तिच्या ओट्यावर पहिल्यांदा आला तो मासे घ्यायला नव्हे, मोजायला. तो शेंद्र्याच्या एका कंपनीत इंजिनिअर होता, पस्तिशीचा, आणि सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसायचा नाद त्याला होता. शहरातल्या अशाच नादाच्या पंधरा-वीस जणांचं एक मंडळ त्यानं जमवलं होतं. मासा धरायचा, मोजायचा, आणि पुन्हा सोडून द्यायचा, असा त्यांचा नेम. लीलाबाईला हे आधी नीट कळलंच नाही. सोडायचा तर धरायचा कशाला, असं तिनं विचारलं, तेव्हा तो हसला आणि म्हणाला की घरीही हेच विचारतात.

तो मोजपट्टी घेऊन तिच्या टोपलीतले मासे मोजायचा आणि वहीत लिहायचा. दर खेपेला मासे लहान होत चालले आहेत, असं त्याचं म्हणणं. लीलाबाईला त्यासाठी पट्टी लागत नव्हती. पूर्वी या हातात मरळ मावत नव्हती, आता तळहातावर चार बसतात, असं तिनं सांगितलं. कुठल्या मादीच्या पोटात अंड्यांची गाभोळी आहे हे ती पोटाला बोट लावून ओळखायची. माशाचे डोळे आणि कल्ले बघून तो किती वेळापूर्वी मेला ते सांगायची. शिवराज ऐकत राहायचा. वर्षभरात त्याची तिची चांगली ओळख झाली. तो तिला मावशी म्हणू लागला.

मग एका डिसेंबरात त्यानं सांगितलं की मंडळ फेब्रुवारीत गळाची स्पर्धा भरवणार आहे. पुण्याहून, नाशकाहून, हैदराबादहून माणसं येणार. प्रत्येकाची फी आणि देणगीदारांनी दिलेलं सगळं त्या तलावाच्याच कामी लावायचं, म्हणजे तिथले मासे टिकतील. तिथल्या मच्छीमार संस्थेनं परवानगी दिली आहे. मासा मोजून पाण्यात सोडायचा, तो स्वतःच्या बळावर पोहत गेला तरच गुण, नाहीतर शून्य. हे बघायला त्याला माशाची पारख असलेलं माणूस हवं होतं.

“कोणता तलाव?” लीलाबाईनं विचारलं.

“बोरखेडी.”

तिनं सुरा फडक्याला पुसला आणि जमणार नाही म्हणून सांगितलं. शिवराजला बोरखेडी तिचं गाव आहे एवढं माहीत होतं. बाकीचं त्याला शेजारच्या बाईनं सांगितलं. तो ओशाळला, दुसऱ्या दिवशी येऊन माफी मागून गेला, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

विषय लीलाबाईच्याच मनातून जाईना. मेघाला तिनं सांगितलं तेव्हा मेघा म्हणाली की जाऊ नको, तुला त्रास होईल, आणि त्या लोकांच्या खेळापायी तू कशाला. मेघाचं खरं होतं. तरी जानेवारी संपता संपता लीलाबाईनंच शिवराजला फोन केला आणि येते म्हणाली. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. मेलेला मासा तिनं हजारदा हातात धरला होता. जिवंत मासा परत पाण्यात जाताना बघायला मिळेल, असं काहीतरी तिच्या मनात होतं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी पाण्यावर धुकं होतं. काठाला मंडप, खुर्च्या, पाण्याचे जार, ध्वनिक्षेपक. चाळीस माणसं ठरलेल्या जागांवर काठ्या लावून बसली. प्रत्येकाच्या गळाचा उलटा काटा दाबून टाकलेला आहे की नाही, हे शिवराजनं आधी तपासलं. तो काटा नसला की गळ अलगद निघतो आणि तोंड फाटत नाही. बोरखेडीचे भोई लांब बांधावर बसून हा सगळा प्रकार बघत होते. कारभारी आता संस्थेचा चेअरमन झाला होता. तो पुढं आला, वहिनी आल्यात म्हणून त्यानं चहा मागवला, आणि दोघांनीही बन्सीचं नाव काढलं नाही.

सकाळभर लीलाबाईनं सतरा मासे मोजले. ओल्या फळीवर मासा ठेवायचा, आकडा सांगायचा, लगेच पाण्यात न्यायचा. हात ओले ठेवायचे, कल्ल्यात बोट घालायचं नाही. मासा पाण्यात धरला की काही क्षण तो तसाच राहायचा, मग त्याच्या अंगातून एक झटका तिच्या तळव्यात यायचा आणि हात रिकामा व्हायचा. “गेला,” असं ती म्हणायची, आणि शिवराज गुण लिहायचा. पाचव्या-सहाव्या माशानंतर तिच्या ध्यानात आलं की तो शब्द म्हणताना आपल्याला बरं वाटतं आहे.

अकराच्या सुमारास राजकुमार यांच्या गळाला मोठा मासा लागला. राजकुमार म्हणजे शहरात हार्डवेअरची दोन मोठी दुकानं असलेला माणूस. स्पर्धेचे चषक त्यांनीच दिले होते. वीस मिनिटं झुंजून त्यांनी कटला काठाला आणला. लीलाबाईनं फळीवर ठेवला, तो एक्क्याण्णव सेंटिमीटर भरला. सकाळपासून एवढा कुणालाच लागला नव्हता. सगळे धावत आले. फोटो निघू लागले. राजकुमारांनी मासा छातीशी धरला, मग त्यांच्या मित्रांनी त्यांच्यासोबत, मग कुणाचातरी मोबाईल चालेना म्हणून पुन्हा. लीलाबाई दोनदा बास म्हणाली. तिचा आवाज मुळातच हळू, तो त्या गलक्यात कुणाला ऐकू गेला नाही.

मासा तिच्या हातात आला तेव्हा त्याचे कल्ले हलत होते, पण कसेबसे. ती कमरेइतक्या पाण्यात गेली. एक हात पोटाखाली, एक शेपटीजवळ, आणि ती त्याला सावकाश पुढं-मागं करू लागली, म्हणजे कल्ल्यांतून पाणी फिरावं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काठावरची माणसं पांगली. राजकुमार मात्र थांबले. मग बूट काढून तेही पाण्यात उतरले आणि तिच्या शेजारी उभे राहिले. कल्ले थांबले ते तिला कळलं. तरी तिनं हात थांबवले नाहीत.

“सोडून बघा ना,” राजकुमार म्हणाले. “खाली गेला की सावरेल तो.”

“खाली जाईल. बुडतो म्हणून जाईल.”

“म्हणजे मेला?”

“व्हय. मघाशीच.”

राजकुमारांनी तिच्याकडं बघितलं. तिनं मासा सोडून दिला असता आणि गेला म्हटलं असतं, तर कुणाला कळलं नसतं. हे दोघांनाही ठाऊक होतं. काठावरून शिवराजनं विचारलं, तशी लीलाबाईनं मान हलवली आणि शून्य असं सांगितलं. राजकुमारांनी विचारलं की आता याचं काय करायचं. गावात म्हातारी माणसं आहेत, त्यांच्या घरी द्या, ती म्हणाली, वाया नका घालवू.

मासा त्यांच्या हातात देऊन ती वळली आणि तिचा उजवा पाय उचलेना. घोट्याला काहीतरी आवळलं होतं. तिनं ओढून बघितलं, ते आणखी आवळलं. बारीक, निसरडं, तळाकडं खेचणारं. पाणी कमरेइतकंच होतं, काठ वीस पावलांवर, ऊन पडलेलं, माणसं दिसत होती. तरी तिनं राजकुमारांची बाही घट्ट धरली. राजकुमारांना तिचा चेहरा दिसला. त्यांनी मासा पाण्यात सोडला, खिशातली दोरी कापायची कात्री काढली आणि खाली वाकून, चाचपडत, एकेक धागा तोडला. मग दोघांनी मिळून ते ओढलं. जाळं येतच राहिलं. काठावरचे धावले, भोईही धावले. बाभळीच्या बुंध्याला धरून बसलेलं ते लांबच लांब जाळं बाहेर आलं तेव्हा त्यात माशांचे सांगाडे होते, एका कासवाची पाठ होती, आणि पंख पसरलेला एक मेलेला पाणकावळा होता. नुकता अडकलेला असावा, पिसं अजून चकाकत होती.

दुपारी बक्षिसं दिली गेली. पहिलं बक्षीस नाशिकच्या एका शिक्षकाला मिळालं. त्यानंतर मंडळाची माणसं आणि संस्थेचे सभासद मंडपात बसले, कारण जमलेल्या निधीचं काय करायचं ते तिथंच ठरायचं होतं. मंडळानं आधीच विचार करून ठेवला होता: पावसाळ्यात तलावात मत्स्यबीज सोडायचं. संस्थेलाही ते हवं होतं. लहान मासे आयते मिळणार, कुणाला काय अडचण. कारभारी आभार मानायला उठला, तेवढ्यात लीलाबाई खुर्चीवरून उठली. तिचं लुगडं कमरेपर्यंत ओलंच होतं.

तिनं शिवराजकडं बघून सांगितलं की बीज सोडू नका, आधी खालची जाळी काढा. वरून माणसं मासे सोडणार आणि खालून जाळी ते खाणार, मग त्या सोडण्याला अर्थ काय. शिवराज म्हणाला की सकाळपासून त्याच्याही मनात तेच आहे, पण एवढ्या मोठ्या तळात जाळी कुठं कुठं आहेत हे कळायचं कसं. कारभारीनं सांगितलं की आमची जाळी आमच्या घरी आहेत, खालची कुणाची ते आम्हाला माहीत नाही, बाहेरून चोरून मारणारे येतात. त्याची भीती चुकीची नव्हती. शहरातल्या माणसांसमोर कबूल केलं की उद्या साहेब लोक म्हणणार, तलाव तुम्हीच बिघडवला, ठेका काढून घ्या.

लीलाबाई त्याच्याकडं वळली.

“भाऊजी, तुमचे भाऊ ज्या जाळ्यात गेले ते बाहेरच्याचं नव्हतं,” ती म्हणाली. “आपलंच होतं. दोन वर्षं आधी पुरात गेलेलं. मी विणलेलं. तुम्ही त्यांच्या पायाचं कापून बाजूला टाकलं तवा मी गाठ बघितली. डावी गाठ. माझ्याच हातची. कुणाला कळू नाय म्हणून मी ते पाण्यात टाकायला लावलं. नऊ वर्षं झाली. मी कुणाला सांगितलं नाय. पोरीलाबी नाय.”

मंडपात ध्वनिक्षेपकाची घरघर तेवढी ऐकू येत होती. शिवराजनं जाऊन तो बंद केला. लीलाबाई उभीच होती. बसावं हे तिला सुचलं नाही. कारभारीनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

“मला ठाऊक होतं, वहिनी,” तो म्हणाला. “कापलं मीच ना. बोटाखाली लागली गाठ. तुम्हाला ते ठाऊक हाय का नाय, तेवढंच मला कळत नव्हतं. म्हणून गप राह्यलो.”

मग तो शिवराजकडं न बघता म्हणाला, “माझी दोन हायेत खाली. एक सांडव्याजवळ, एक जुन्या विहिरीवर. दाखवतो मी.”

त्याच्यामागून एक म्हातारा बोलला, मग दुसरा कुणी. शिवराजनं तलावाचा नकाशा टेबलावर पसरला. कागदावर कुणाला काही उमगेना, तेव्हा माणसं काठावर उभी राहून हातानं दाखवू लागली आणि शिवराज खुणा करू लागला. दिवस कलेपर्यंत अठ्ठावीस खुणा झाल्या. लीलाबाई मंडपातल्या खुर्चीवर बसून होती. कारभारीच्या बायकोनं, आशाबाईनं, घरून एक कोरडं लुगडं आणून तिच्या मांडीवर ठेवलं आणि ती शेजारी बसून राहिली.

शहरात परतताना शिवराजच्या गाडीत लीलाबाईला एकच घोर होता. जे मंडपभर माणसांनी ऐकलं, ते मेघानं अजून ऐकलेलं नव्हतं. मेघा ड्युटीवरून येऊन बूट काढत होती, तेव्हाच तिनं सांगून टाकलं. थांबलं तर धीर होणार नाही हे तिला कळत होतं. मेघानं एक बूट काढला होता, दुसरा पायात तसाच राहिला. तिनं सगळं ऐकलं आणि उठून भाकरी टाकायला लागली. पुढचे आठ-दहा दिवस मायलेकींमध्ये कामापुरतंच बोलणं झालं. डबा भरला का, किल्ली कुठं ठेवली, एवढंच. मेघा रागावली आहे की रडते आहे, हे लीलाबाईला समजेना, आणि विचारायचा हक्क आपण गमावला असं तिला वाटत होतं.

एका दुपारी मेघा सुट्टी असताना बाजारात आली, जे ती कधी करत नसे. ओट्याच्या मागं स्टुलावर बसली. गिऱ्हाईक गेल्यावर तिनं विचारलं:

“बाबांना कळलं असंल का, की ते आपलंच हाय?”

लीलाबाईला खोटं बोलता आलं असतं. पाण्यात काय दिसतं, असं म्हटलं असतं तर मुलीनं मान्य केलं असतं.

“माहीत नाय मला,” ती म्हणाली. “मी लई येळा इचार केला. माहीत नाय.”

मेघानं मान हलवली. मग आईनं धुवायला काढलेलं तसराळं तिनं उचललं आणि नळावर नेऊन घासून आणलं.

जाळी काढायचं काम मे महिन्यात झालं, पाणी सगळ्यांत खाली गेल्यावर. तीन रविवार लागले. दोराला लोखंडी आकडे बांधून ते तळावरून ओढायचे, आकडा अडकला की माणसांनी मिळून खेचायचं. भोई तराफ्यांवर, मंडळाची माणसं काठावर. राजकुमारांनी दुकानातून दोर आणि आकडे आणले, टेम्पो आणला, आणि तिन्ही रविवार स्वतः चिखलात उभे राहिले. त्या कटल्याबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत. एकदाच लीलाबाईला म्हणाले की फोटो त्यांनी पुसून टाकले. जाळ्यांमधून हाडं निघाली, कासवं निघाली, सापासारखी लांब एक वाम जिवंत निघाली. तिच्या अंगात धागे रुतले होते. लीलाबाईनं मांडीवर घेऊन ते एकेक कापले. वाम हातातून गेली तेव्हा ती काही म्हणाली नाही, कारण कुणी लिहायला नव्हतं.

मेघा पहिल्या रविवारी आली नाही. दुसऱ्या रविवारी सकाळी ती आईच्या आधी तयार होऊन बसली होती, खांद्याला औषधांची पिशवी. ओला तंगूस हातात रुततो, सुरीसारखा कापतो. दहा वाजेपर्यंत निम्म्या माणसांचे तळवे फाटले. मेघा काठावरच्या कडुलिंबाखाली बसली आणि एकेकाचे हात धुऊन, औषध लावून, पट्टी बांधत राहिली. कारभारीचा हात बांधताना त्यानं तिला तिच्या लहानपणीचं काहीतरी सांगितलं. काय ते लीलाबाईला ऐकू आलं नाही, पण मेघा हसलेली तिनं लांबून बघितली.

तिसऱ्या रविवारी बन्सी गेला त्या जागेवर आकडे टाकले. चिखलानं भरलेला मोठा गोळा वर आला, तीन-चार जाळी एकमेकांत मुरलेली. कारभारी तराफ्यावरून काठाला आला. उकलून बघायचं का, असं त्यानं वहिनीला विचारलं. लीलाबाईनं मेघाकडं बघितलं. मेघानं नको म्हणून मान हलवली. तो गोळा बाकीच्यांबरोबर टेम्पोत गेला. चिकलठाण्याला प्लॅस्टिक वितळवणारा एक कारखाना होता, त्यानं सगळं घेतलं.

त्या पावसाळ्यात संस्थेनं ठराव केला: लहान मासेही अडकतील असं बारीक डोळ्याचं जाळं कुणी टाकायचं नाही, प्रत्येक जाळ्याच्या तरंगत्या डब्यावर मालकाचं नाव रंगवायचं, आणि जाळं हरवलं तर तिसऱ्या दिवसाच्या आत सांगायचं. सगळे पाळतात असं नाही. दोन घरांनी अजून नावं रंगवलेली नाहीत, आणि अंधारात चोरून मारणारे येतातच. पण त्या वर्षी जाळी हरवल्याचं पाच जणांनी स्वतः येऊन सांगितलं, त्यातली चार सापडली.

यंदाच्या फेब्रुवारीत दुसरी स्पर्धा झाली. मेघाही औषधांची पिशवी घेऊन आली होती. मासे गेल्या वर्षीइतकेच लागले, तीन-चार जास्त. मोठा एकही नव्हता. मंडळातल्या काही जणांचा हिरमोड झाला. शिवराजनं त्यांना सांगितलं की मासा वाढायला वर्षं लागतात, एका उन्हाळ्यात काय होणार. लीलाबाईला ते पटलं. तिनं बावीस मासे मोजले आणि बावीसही गेले. फोटो काढायला थांबणाऱ्या एकाला राजकुमारांनीच हात धरून पाण्याकडं नेलं.

दुपारी आशाबाईकडं जेवण झालं. लीलाबाई नऊ-दहा वर्षांनी त्या घरात पाटावर बसून जेवली. उन्हं कलल्यावर पाचोडला जाणाऱ्या जीपमध्ये मायलेकी मागच्या सीटवर बसल्या. मेघाचे हात औषधाच्या वासाचे, लीलाबाईचे माशांच्या. गाडी डांबरीला लागली तेव्हा मेघानं मोबाईलवर दवाखान्याची ड्युटीची यादी उघडली आणि बराच वेळ ती खाली-वर करत राहिली.

“पुढच्या वर्षी तारीख आधी इचारून ठेव शिवराजदादांना,” ती म्हणाली. “मला रजा टाकावी लागंल.”

लीलाबाई व्हय म्हणाली.